वहीतले आठ कोळी

प्रिय ताई,

कंपनी मला तीन वर्षांसाठी सिडनीला पाठवते आहे. काम आवडीचं आहे, पगार चांगला आहे, मुलीच्या शाळेचीही सोय होते आहे. होकार कळवायला पंधरा दिवस उरलेत आणि मी रात्र रात्र जागून मोबाइलवर कोळ्यांचे व्हिडिओ बघते आहे. लहानपणापासून मला कोळ्याची भीती वाटते, आणि ती साधीसुधी नाही. न्हाणीघरात कोळी दिसला म्हणून अंगाला साबण असताना मी बाहेर पळाले आहे. जगातल्या भयंकर कोळ्यांची मी एका वहीत यादी केली आहे. त्या पानाचा फोटो सोबत पाठवते. नवरा हसतो, म्हणतो तिथले कोळीच तुला घाबरतील, आणि मुद्दाम फोटो पाठवत राहतो. सहा वर्षांच्या मुलीने परवा विचारलं, "आई, तिकडचे कोळी आपल्याला खातील का?" नकार कळवू का? कळवला तर कारण काय सांगू?

– आठ पायांची धास्ती घेतलेली


तुम्हांला नमस्कार,

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. कोळ्यांसाठी नकार कळवू नका. दुसरी काही कारणं असतील, घरच्यांना सोडून जाणं जिवावर येत असेल, तर तो विचार वेगळा. पण ही नोकरी कोळ्यामुळे सोडलीत तर पुढची तीन वर्षं त्याच न्हाणीघरात त्याच कोळ्याकडे बघून तुमचा संताप होईल.

आता तुमची वही. अक्षर सुरेख आहे आणि अभ्यासही चांगला केलाय. फक्त क्रम उलटा लागलाय. गोलायथ टॅरॅन्टुला, हंट्समन, उंटकोळी, ब्राझीलचा भटक्या, ब्लॅक विडो, ब्राउन रेक्लूज, रेडबॅक आणि सगळ्यात शेवटी फनेल-वेब. तुम्ही फोटो बघून क्रमांक दिलेत ना? जो मोठा, जो केसाळ, तो वर. तुम्ही एकट्याच असं करत नाही. माणसं शेकडो वर्षं हेच करत आली आहेत.

इटलीच्या दक्षिणेला तारांतो नावाचं शहर आहे. काही शतकांपूर्वी त्या भागात शेतात राबणाऱ्यांना कोळी चावायचा आणि मग घाम, वेदना, तगमग सुरू व्हायची. उपाय म्हणून वाजंत्री बोलवायचे आणि रोग्याला थकून पडेपर्यंत नाचवायचे. तारांतेला नावाचं तिथलं नृत्य या प्रथेशी जोडलं जातं. दोष कुणावर गेला? तिथल्या एका मोठ्या, बिळात राहणाऱ्या, सहज नजरेत भरणाऱ्या कोळ्यावर. त्याचं नावच टॅरॅन्टुला पडलं. तो चावला तर फार तर गांधीलमाशी चावल्यासारखं दुखतं. लक्षणं बघता खरा गुन्हेगार बहुधा त्याच शेतात राहणारी एक छोटी, काळी, लाल ठिपक्यांची कोळीण होती, म्हणजे ब्लॅक विडोची भूमध्य समुद्राकाठची बहीण. पुढे युरोपातले लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना याहून मोठे, याहून केसाळ कोळी दिसले आणि त्यांनी ते बदनाम नाव त्यांनाही चिकटवून टाकलं. मोठ्याला बदनामी आणि धाकटी नामानिराळी, असा तो प्रकार. तुमच्या यादीत नेमकं तेच झालंय.

तेव्हा वरून खोडायला लागू या.

गोलायथ हा वजनाने जगातला सगळ्यात मोठा कोळी. पावणेदोनशे ग्रॅमपर्यंत भरतो, पाय पसरले तर जेवणाच्या ताटाएवढा. पक्षी खाणारा ही ख्याती मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीच्या 1705 च्या सुरिनामवरच्या ग्रंथातून आली. त्यात झाडावरचा कोळी गुंजनपक्षी खाताना दाखवलाय. चित्र जबरदस्त आहे, तुम्ही बघू नका. प्रत्यक्षात गोलायथ बहुतेक किडे, गांडुळं, बेडूक यांवर जगतो आणि त्याचं हुकमी हत्यार दात नसून पोटावरचे केस आहेत. मागच्या पायांनी ते झाडून तो हवेत उडवतो, मग डोळ्यांना आणि कातडीला भयंकर खाज सुटते. शिवाय तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या वर्षावनात राहतो. तुमची बदली तिकडे नाही. खोडा.

उंटकोळी तर मुळात कोळीच नाही. विंचू जसा कोळ्याचा नातेवाईक, तसा हाही, वेगळ्या गणातला. त्याला विषही नसतं. 2004 साली इराकमधल्या सैनिकांनी काढलेला एक फोटो जगभर फिरला आणि लोकांना वाटलं हे जनावर मांजराएवढं असतं. त्या फोटोत एकमेकांना धरलेले दोन होते आणि तेही कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरलेले. हाही खोडा.

हंट्समनवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तो तुम्हांला भेटणार आहे. खोटा धीर देऊन मी तुमचा विश्वास गमावणार नाही. तळहाताएवढा, चपटा, खेकड्यासारखे पाय बाजूला टाकून भिंतीवर बसलेला. जाळं विणत नाही, धावून शिकार करतो, आणि धावतो असा की बघणाऱ्याचं काळीज तोंडाशी येतं. त्याचं खाणं म्हणजे झुरळं आणि किडे. चावलाच तर थोडं दुखतं, सुजतं आणि बरं होतं. खरा धोका वेगळाच आहे. त्याला गाडीत, उन्हाच्या झडपेमागे लपायला आवडतं आणि चालत्या गाडीत तो मांडीवर पडला तर माणूस स्टिअरिंग सोडतो. म्हणून तिथे गाडी चालवायला लागलात की एकच नियम पाळायचा: कोळी दिसला तर आधी इंडिकेटर, मग कडेला, मग किंचाळायचं. क्रम बदलायचा नाही.

उरले पाच. इथे तुमच्या अभ्यासाला दाद द्यायला हवी. जगात कोळ्यांच्या 50 हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे. जवळपास सगळ्यांना विष असतं, पण ते माशी-किड्यांसाठी, आणि बहुतेकांचे दात माणसाच्या कातडीत धड रुततही नाहीत. माणसाला खरोखर आजारी पाडणारी मुख्य घराणी चारच, आणि चारही तुमच्या वहीत आहेत. भटक्या, विडो, रेक्लूज आणि फनेल-वेब. रेडबॅक हा विडोच्याच घराण्यातला, म्हणून नावं पाच झाली.

ब्राझीलच्या भटक्याला तिथे 'आर्मादेइरा' म्हणतात. डिवचलं तर पुढचे पाय उंच उभारून पवित्रा घेतो, त्यावरून हे नाव. रात्री भटकतो, दिवसा केळीच्या घडात, बुटात, अडगळीत दडतो. विष जहाल आहे. त्याने पुरुषांमध्ये एक अवघड जागेची, तासन्‌तास न उतरणारी तक्रार उद्भवते आणि तिच्यावरून औषध बनवायचे प्रयत्नही तिथले संशोधक करत आहेत. हे नवऱ्याला जरूर वाचून दाखवा. साओ पावलोच्या बुटान्टान संस्थेत यावरचं प्रतिविष बनतं, बहुतेकांना त्याची गरज पडत नाही आणि मृत्यू फारच दुर्मीळ. ब्लॅक विडोचंही तसंच. अंगभर पेटके येतात, पोट दगडासारखं घट्ट होतं, माणूस घामाने निथळतो, दोन-चार दिवस वाईट जातात, पण जीव जाण्याची वेळ क्वचितच येते.

ब्राउन रेक्लूजची गोष्ट मला फार आवडते. हा अमेरिकेतला. सहाच डोळे, पाठीवर व्हायोलिनसारखी खूण, आणि विष असं की कधीकधी चावल्या जागेची कातडी मरून खोल जखम होते. इंटरनेटवरचे ते भयानक फोटो याच्याच नावावर असतात. 2001 साली कॅन्ससमधल्या एका राहत्या घरात हे कोळी मोजले गेले. सहा महिन्यांत किती सापडले असतील? 2,055. त्या घरात चार माणसांचं कुटुंब होतं, काही वर्षं ते तिथे राहत होतं. तोपर्यंत त्यांच्यापैकी कुणालाही चावा झाल्याची नोंद नव्हती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन मनं झाली. एक म्हणालं, बघ, कोळ्याला माणसात रस नाही. दुसरं म्हणालं, त्या घराला आग लावायला हवी होती. तुमचं कुठलं मन आधी बोलेल ते मला ठाऊक आहे. शिवाय जिथे हा कोळी राहतच नाही अशा भागांतही साध्या जिवाणूंनी चिघळलेल्या जखमा याच्या नावावर खपवल्या गेल्यात. त्यामुळे त्या फोटोंवर फार विसंबू नका.

आता सिडनी.

रेडबॅकची मादी वाटाण्याएवढ्या पोटाची, काळी, पाठीवर लाल पट्टा. बागेतल्या खुर्चीखाली, कुंडीच्या कडेला, पत्रपेटीत, पडून राहिलेल्या सामानात तिचं अस्ताव्यस्त जाळं असतं. ती आपणहून मागे लागत नाही. न बघता हात घातला तरच चावते. नर इतका पिटुकला की त्याचा माणसाला उपद्रव नाही. बिचारा मीलनाच्या वेळी कोलांटी मारून स्वतःच मादीच्या तोंडात जाऊन पडतो. चावलं तर जागा हळूहळू ठणकायला लागते, तिथेच घाम फुटतो. बर्फ लावायचा, पट्टी आवळायची नाही (विष सावकाश पसरतं, आवळल्याने दुखणं तेवढं वाढतं), आणि डॉक्टरकडे जायचं. यावरचं प्रतिविष 1956 पासून आहे.

आणि फनेल-वेब, तुमचा आठवा. माझ्या यादीत हा पहिला असता. चकचकीत काळा, लहान, केसाळही म्हणवत नाही असा. ओलसर जागी, दगडा-ओंडक्याखाली बिळात राहतो. सिडनीतला जो आहे तो न्यूकॅसलपासून नाउरापर्यंतच्या पट्ट्यात सापडतो, म्हणजे तुम्ही जाताय तो त्याचाच मुलूख. यात मादीपेक्षा नराचं विष कितीतरी घातक, आणि उन्हाळ्यात मादीच्या शोधात भटकतोही तोच. हे विष आपल्या नसांमधली सोडियम आत घेणारी दारं धड मिटूच देत नाही, त्यामुळे नस विनाकारण संदेश पाठवत सुटते. तोंडाभोवती मुंग्या, लाळ, घाम, स्नायूंची फडफड. गंमत अशी की माणूस आणि माकडं यांनाच ते इतकं बाधतं. कुत्री, मांजरं, ससे बरेचसे निभावून जातात.

सशाचं हे निभावणंच आपल्या कामी आलं. 1927 पासून प्रतिविष येईपर्यंत या कोळ्यामुळे 13 मृत्यूंची नोंद झाली होती. मेलबर्नमध्ये स्ट्रुअन सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढलं. 1981 साली ते वापरात आलं. त्यानंतर फनेल-वेबच्या चाव्याने एकही मृत्यू झालेला नाही. एकही नाही. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत, कारण मग बघणार कोण? आजही त्यासाठी विष लागतंच, म्हणून सिडनीच्या उत्तरेला ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क नावाच्या ठिकाणी लोक आपल्या घरात सापडलेले फनेल-वेब बरणीत घालून नेऊन देतात. तुम्ही ज्याच्या नावाने नकार कळवायला निघालात, तो तिथले लोक झाकण लावून पोचवायला जातात. तुम्ही जायची गरज नाही, नवऱ्याला पाठवा.

तिथे पाळायच्या सवयी फार नाहीत. बाहेर राहिलेले बूट झटकून घालायचे. जमिनीवर पडलेले कपडे तसेच अंगात चढवायचे नाहीत. बागेत हातमोजे, आणि रात्री अनवाणी फिरायचं नाही. पोहण्याच्या तलावात तळाशी बसलेला काळा कोळी मेलाय असं धरून हात घालायचा नाही, कारण अंगावरच्या केसांत हवेचा बुडबुडा अडकवून तो पाण्याखाली तासन्‌तास जगतो. आणि काळा, मोठ्या दातांचा कोळी चावलाच, तर ओळख पटवत बसायचं नाही. चाव्यावर आणि मग पूर्ण हाताला किंवा पायाला लवचिक पट्टी घट्ट गुंडाळायची, तो अवयव काठीला बांधून स्थिर करायचा, माणसाला एक पाऊलही चालू द्यायचं नाही, आणि 000 हा तिथला तातडीच्या मदतीचा नंबर फिरवायचा. चीर देणं, तोंडाने विष ओढणं, दोरी आवळणं, यातलं काहीही करायचं नाही.

झालं. आता मला सांगा, भीती कमी झाली? नसणारच. एवढी माहिती वाचून भीती गेली असती तर तुमची वही भरेपर्यंत ती कधीच गेली असती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण त्या राक्षसाला आकडेवारी वाचून दाखवून तो जात नाही. तुमचं डोकं आधीच पटलेलं आहे, अंग पटलेलं नाही.

यात तुमचा दोषही नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांना कोळ्याची आणि फुलांची चित्रं दाखवली, तर कोळी बघताना त्यांच्या बाहुल्या जास्त मोठ्या झाल्या. अजून बोलता न येणारी पोरं ती, त्यांनी कुठला व्हिडिओ बघितला होता? सावध होणं आपल्यात जन्मतःच थोडं असावं. मात्र सावधपणाची किंकाळी होते ती बघून बघून. माकडांवरचे प्रयोग आहेत: पिंजऱ्यात वाढलेली, सापाला न घाबरणारी माकडं दुसऱ्या माकडाला सापासमोर घाबरताना बघून स्वतः घाबरायला शिकली. तुमच्या मुलीचा प्रश्न व्हिडिओतून आलाय की तुमच्या चेहऱ्यावरून, ते तुम्हीच ओळखा. मी दोष देत नाहीये. माझ्या आईला पालीची भीती होती आणि पन्नाशी उलटली तरी पाल दिसली की मी आधी आईला हाक मारते, ती नसताना.

उपाय आहे, आणि तो कंटाळवाणा वाटावा इतका साधा आहे: जवळ जायचं, पण पायरी पायरीने, आणि एका पायरीवरची धडधड ओसरल्याशिवाय पुढे जायचं नाही. लार्स-योरान ऊस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1989 साली दाखवलं की अशी एखाद्याच गोष्टीची भीती तज्ज्ञासोबत तीनेक तासांच्या एकाच बैठकीतही खूप आटोक्यात येऊ शकते. पंधरा दिवसांत ते होण्यासारखं आहे. अशा भीतीवर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या आणि जाताना स्पष्ट सांगा, की मला बोलून धीर नको, मला समोर बसवून सराव करून हवाय. घरी सुरुवात करायची तर कोळ्याच्या रेघांच्या चित्रापासून करा. मग फोटो, मग बंद बरणीतला मेलेला कोळी. तो पाय आत घेऊन मुडपलेला असेल, झेप घ्यायच्या तयारीत असल्यासारखा. तसं काही नसतं. कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. अंगातला द्रव दाबाने पायात ढकलून तो पाय ताठ करतो. मेला की दाब गेला, आणि पाय मिटले. मला त्या मुडपलेल्या पायांची किळस यायची ती हे कळल्यावर गेली. तुमचं तसं होईलच असं नाही.

रात्रीचे व्हिडिओ मात्र आजच बंद. तो सराव नाही, ते खपली काढणं आहे. सरावात धडधड खाली येईपर्यंत आपण थांबतो. व्हिडिओत ती वर गेली की आपण पुढचा लावतो.

नवऱ्याला हा परिच्छेद दाखवा. साहेब, फोटो पाठवणं थांबवा. तुम्ही तिला तयार करत नाही, न सांगता समोर आणलेला प्रत्येक फोटो तिला दोन पायऱ्या मागे ढकलतो. मदतच करायची असेल तर काचेचा पेला आणि जाड पुठ्ठा घेऊन भिंतीवरचा कोळी झाकून, पुठ्ठा सरकवून बाहेर सोडायला शिका. पहिले काही महिने हे काम तुमचं. पुढे बघू.

मुलीला उत्तर द्या, टाळू नका. कोळी माणसांना खात नाहीत, किडे खातात, आणि एक-दोन कोळी चावले तर त्यांच्यावर औषध आहे, इतकं सहा वर्षांना पुरतं. आणि "आईला थोडी भीती वाटते, आई शिकते आहे" हेही सांगून टाका. तिला ते आधीच ठाऊक आहे.

वहीतलं पान फाडू नका, सोबत न्या. वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात 000 लिहा. फनेल-वेबला वर आणा, त्याखाली रेडबॅक, बाकीच्यांवर काट मारा. हंट्समनची ओळ तेवढी रिकामी ठेवा. तिथे मुलीला चित्र काढू द्या, पाय आठच मोजून काढायला सांगा, आणि घरात पहिला येईल त्याचं नाव काय ठेवायचं ते आत्ताच तिला ठरवू द्या.